थोडी कोंडी मिळेल का?

भिवंडीजवळच्या राहनाळ गावच्या हरिनाम सप्ताहात काल्याचं कीर्तन करणाऱ्या महाराजांना मांडवापर्यंत आणण्याचा मान बाळाराम यांच्या घराकडे आहे. त्यांच्या आजोबांनी महाराजांना बैलगाडीतून आणलं. वडिलांनी गवताच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसवून आणलं. पुढे शेतावर गोदामं उभी राहिली तेव्हा बाळाराम यांनी पांढरी मोटार घेतली आणि तिच्यातून आणलं. वाहन बदललं, मान बदलला नाही. मान माणसाच्या पदरी असतो असं म्हणतात, पण राहनाळला तो चाकांवर असतो.

मोटारीत पुढची डावी सीट महाराजांची. त्या सीटवर बारा महिने पांढरा टॉवेल अंथरलेला असे आणि सप्ताहाचा दिवस सोडून तिच्यावर कोणी बसत नसे. बाळाराम यांच्या पत्नी पार्वतीबाई एकदा तापाने फणफणल्या होत्या, तेव्हाही डॉक्टरकडे मागच्या सीटवर बसून गेल्या. "पुढं बसले अस्ते तं ताप उतरला अस्ता," असं त्या अजून म्हणतात. पण त्यात तक्रार नसते, श्रद्धाच असते.

गेल्या वर्षी मात्र गाडी मांडवापासून हाकेच्या अंतरावर बंद पडली. आत महाराज, बाहेर गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी. टाळकऱ्यांनी एका हातात टाळ धरले आणि दुसऱ्या हाताने गाडी ढकलत, नामाच्या गजरात मांडवात आणली. पाहणाऱ्यांना तो सोहळाच वाटला. चांगदेवला वाटला नाही. चांगदेव म्हणजे बाळाराम यांचा चुलतभाऊ. त्याने नुकतीच काळी, उंच, पायरीवर पाय देऊन चढावं लागणारी जीप घेतली होती आणि तिच्यात बसवण्याइतकं मोठं माणूस त्याला गावात सापडत नव्हतं.

सप्ताह समितीची सभा बसली. समितीचे चिटणीस तात्या. त्यांचा जन्म तालुक्याच्या कचेरीत गेला होता. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, भाषा सुटली नाही. चांगदेवच्या सूचनेवरून त्यांनी ठराव वाचला: "महाराज आसनस्थ असताना मानाच्या वाहनास मानवी बळाने पुढे न्यावे लागल्यास सदर वाहनाचा मान संपुष्टात येईल व तो भावकीतील पुढील सक्षम वाहनाकडे वर्ग होईल."

"म्हंजे?" बाळाराम यांनी विचारलं.

"म्हणजे धक्का मारला की मान गेला."

"मंग असं बोला ना, तात्या."

"असं बोललं की ते नुसतं बोलणं होतं. ठराव होत नाही."

ठराव मंजूर झाला. बाळाराम घरी आले आणि जेवले नाहीत.

नवी गाडी घ्यावी असं कोणी सुचवलं नाही, कारण महाराज बसले ती सीट नव्या गाडीत आणायची कशी हा प्रश्न होता. तोडगा मुलाने काढला. प्रितेश मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि ड्युटी संपली की गाड्या सजवणाऱ्या पोरांत बसे. त्याने या गाडीच्या मागे आधीच एक फळी बसवून घेतली होती. वेगात गाडी जमिनीवरून उचलली जाऊ नये म्हणून ती असते, असं तो सांगे. भिवंडीत गाडी जमिनीवरून उचलली जाते ती फक्त खड्ड्यातून बाहेर येताना, आणि त्या वेळी फळीचा उपयोग मागे बसलेल्याला धरायला होतो.

"बाबा, गाडी हीच ठेवू," प्रितेश म्हणाला. "फक्त डोकं बदलू."

त्याचं म्हणणं असं की आजकाल इंजिन काही मनाने चालत नाही. डॅशबोर्डखाली एक पेटी असते, ती कंप्युटर. ठिणगी कधी, पेट्रोल किती, सगळं तीच ठरवते. कंपनीची पेटी आता म्हातारी झाली, मध्येच विसरते. ती काढायची आणि बाहेरून आणलेली नवी, स्वतंत्र पेटी बसवायची. ठाण्यात सगळे बसवतात.

"सगले बसवतात?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"म्हणजे दोघांनी बसवलीय."

दुसऱ्या रविवारी अनय आला. भिवंडीतल्या एका मास्तरांच्या घरातला मुलगा, पुण्याला इंजिनियर झालेला, गाड्यांचे कंप्युटर बसवण्याचा उद्योग करणारा. त्याने अंगणात गाडी उघडली, तारांचा एक भारा बाहेर काढला आणि दुसरा आत घातला. संध्याकाळपर्यंत गाडीच्या पोटातून इतक्या तारा बाहेर आल्या की बाळाराम यांना पाहवेना. ते ओटीवर जाऊन हरिपाठ म्हणत बसले.

"काका, कंपनीचा कंप्युटर सगळ्या जगासाठी बनवलेला असतो," अनयने समजावलं. "हा फक्त तुमच्यासाठी. कोणत्या वेगाला, किती ओझ्याला, किती पेट्रोल द्यायचं ते आपण सांगायचं. त्याला स्वतःचं काही कळत नाही. आपण सांगू तेवढंच करणार."

"नव्या सुनेसारखा," पार्वतीबाई म्हणाल्या. "चार दिस जाऊन्दे. मंग कलंल कोन कोनाला सांगतंय ते."

जुनी पेटी बाळाराम यांनी फेकू दिली नाही. महाराजांना आणताना इंजिन हिनेच चालवलं होतं. त्यांनी ती लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवली. पार्वतीबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. सेवानिवृत्तीचा इतका हृद्य समारंभ त्या पंचक्रोशीत कोणत्याही सरकारी नोकराच्या वाट्याला आलेला नव्हता.

आता नव्या पेटीला शिकवायचं होतं. अनयने लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक मोठा तक्ता होता, बुद्धिबळाच्या पटासारखा, पण पुष्कळ मोठा. खालच्या कोपऱ्यात हळू चालण्याची घरं, वर जावं तसा वेग वाढत जाई. प्रत्येक घरात एक आकडा, म्हणजे तेवढं पेट्रोल. घर पक्कं करायचं तर गाडी खरोखर त्या वेगाने काही वेळ चालवून पाहावी लागे.

प्रितेश चालवायला, अनय मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन, असे ते रोज निघत. राहनाळ ते अंजूरफाटा, अंजूरफाटा ते नाका, नाक्यावरून परत. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधून यंत्रमागांसाठी सुताचे बीम नेणारा टेम्पो, टेम्पोच्या आडून रिक्षा. एकदा शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून बराच वेळ वाकून पाहत होता. शेवटी म्हणाला, "भाई, गाड़ी में लैपटॉप है कि लैपटॉप में गाड़ी?"

अशा रीतीने तक्त्याचा खालचा कोपरा भरला, आणि काय भरला! पहिल्या गियरमध्ये, कंटेनरच्या मागे, पुढचं चाक खड्ड्यात उतरत असताना आणि मागचं चढत असताना इंजिनाला नेमकं किती पेट्रोल लागतं, हे ज्ञान त्या पेटीला जसं झालं तसं कुठल्या परदेशी गाडीला होणं शक्य नव्हतं. तिथे सोयच नाही. मुरलेला टाळकरी कितीही धक्काबुक्कीत टाळ चुकत नाही, तशी गाडी कोंडीत चुकेनाशी झाली. एसी लावून नाक्यावर उभी राहिली तरी एका लयीत गुणगुणत राही.

वरची घरं मात्र मिळेनात. त्यासाठी मोकळा रस्ता हवा होता.

"मोकळा रस्ता कुठे मिळेल?" अनयने विचारलं.

"रात्री दोनला," प्रितेश म्हणाला. मग आठवून म्हणाला, "न्हाय. तेव्हा कंटेनर सुटतात."

मग अनयने वरच्या घरांत अंदाजाने आकडे भरले. इतर गाड्यांवरून त्याला साधारण माहीत होतं. "चालेल," तो म्हणाला. "थोडं इकडेतिकडे होईल, पण गाडी चालेल." गोष्ट इथेच संपली असती. पण आपल्याकडे साधारण माहितीवर काही चालू द्यायचं नाही अशी पद्धत आहे.

चांगदेवने समितीकडे हरकत नोंदवली. गाडीचं डोकं बदललं म्हणजे गाडीच बदलली, आणि मान जुन्या गाडीचा होता.

"उद्या माज्या डोक्यान दुसऱ्याचा मेंदू घातला," तो सभेत म्हणाला, "तं तुमी मना चांगदेव बोलाल का?"

"बरा चालला तं दुसरंच नाव ठेवू," बायकांच्या बाजूने पार्वतीबाईंचा आवाज आला.

तात्यांनी हरकत गंभीरपणे घेतली. ते कागदपत्रं घेऊन परिवहनाच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "इंजिन बदललं?" नाही. "सांगाडा?" नाही. "रंग?" नाही. "मग?"

"डोकं."

कारकुनाने पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. "गाडीला डोकं असतं अशी आमच्याकडे नोंद नाही. जे नव्हतंच ते बदललं असं मी कसं म्हणू?"

"हे लेखी मिळेल?"

"जे घडलंच नाही त्याचं लेखी कसं देणार, आजोबा?"

तात्या अत्यंत समाधानाने परत आले. आपल्या काळानंतरही कचेरीत काही टिकून आहे हे पाहून त्यांना भरून आलं होतं. त्यांनी समितीला कळवलं की वाहन कायद्याच्या दृष्टीने पूर्ववत आहे. तथापि, मनात किंतु राहू नये म्हणून पेटीतील आकड्यांची तपासणी चिटणीस स्वतः करतील.

तपासणी बाळाराम यांच्या ओटीवर झाली. तात्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉपसमोर मांडी घातली आणि तक्ता डावीकडून उजवीकडे पाहायला सुरुवात केली. खालच्या कोपऱ्याशी ते खूश होते. वर गेल्यावर थांबले.

"हे आकडे कशाच्या आधारे?"

"तो अंदाज आहे," अनय म्हणाला.

"या वेगाने गाडी चालली आहे का?"

"नाही. रस्ताच मिळाला नाही."

"म्हणजे जे काम झालेलं नाही, त्याचा खर्च तुम्ही आधीच दाखवता?"

"खर्च नाही हो तात्या, पेट्रोल. गाडी त्या वेगाला गेली तर लागेल."

"गेली तर! पूर्वी गेल्याचा दाखला नाही, पुढे जाण्याची मागणी नाही, आणि तरतूद मात्र आहे. माझ्या हयातीत मी असा कागद पुढे जाऊ दिलेला नाही." त्यांनी चष्मा काढला. "अनुभव आहे तिथे आकडा राहू द्या. नाही तिथे शून्य लिहा."

"शून्य लिहिलं तर तिथे गेल्यावर गाडी बंद पडेल."

"ती तिथे जातेच कुठे?"

हा प्रश्न अनयला पुण्याच्या कॉलेजात विचारला गेला नव्हता. त्याने प्रितेशकडे पाहिलं. प्रितेश म्हणाला, "टाक ना यार, सर्टिफिकेट तर मिळू दे." त्याने बाळाराम यांच्याकडे पाहिलं. बाळाराम यांना फक्त मान दिसत होता. ते म्हणाले, "तात्या बोलतान तं असंल. टाक बाबा." पार्वतीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शून्यानं कोनाचं वाईट जालंय?"

अनयने शून्यं टाकली. सबंध वरचा भाग एकसारखा, स्वच्छ, हिशेबाला सोपा दिसू लागला. तात्यांनी पेटीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. तक्त्यात यापुढे समितीच्या ठरावाशिवाय बदल केल्यास वाहन नवीन समजण्यात येईल, असं पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं.

काल्याचा दिवस उजाडला. महाराजांचं आदल्या दिवशी दिघाशीला कीर्तन होतं, तिथून त्यांना आणायचं होतं. गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. प्रितेश चालवायला, मागे बाळाराम, तात्या आणि अनय. तात्या निरीक्षक म्हणून आले होते. अनय लॅपटॉप घेऊन आला होता, पण तो उघडायचा नाही या अटीवर. मांडवाच्या तोंडाशी चांगदेव जीप धुऊन, माळ घालून, इंजिन चालू ठेवून उभा होता. कोणाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं. झालंच तर तयारी असावी, इतकंच.

जाताना फाट्याकडचा रस्ता डांबरासाठी बंद होता, म्हणून गाडी आडरस्त्याच्या गर्दीतून गुणगुणत दिघाशीला गेली. महाराज टॉवेलावर बसले, पायाशी तारा पाहून म्हणाले, "हे काय नवीन?"

"माऊली, गाडीला नवं डोकं बसवलंय," बाळाराम हात जोडून म्हणाले.

"बरं केलंत. आणखी काही मिळतात का बघा. श्रोत्यांना बसवू."

वाटेत महाराज गात होते. अंगातली थकलेली हाडं जागी होतात अशी त्यांची चाल. गाडी कोंडीत थांबे, ते आलाप घेत. गाडी हले, ते समेवर येत. बाळाराम यांचे डोळे भरले. नाका गेला. अंजूरफाटा आला. राहनाळ आता समोर होतं. पखवाजाचा आवाजही ऐकू येत होता.

आणि पुढे रस्ता मोकळा होता.

प्रितेशने आपोआप ब्रेक दाबला. त्याला वाटलं आपण चुकून दुसऱ्या तालुक्यात आलो. काळाकुळकुळीत, गुळगुळीत, ताजा डांबरी रस्ता. कंटेनर नाही, टेम्पो नाही, हातगाडी नाही. मानकोलीत एका मोठ्या गोदामाचं उद्घाटन करायला मंत्री येणार होते. म्हणून दोन दिवसांत रस्ता केला होता आणि सकाळपासून सगळी वाहनं आडरस्त्याला अडवून ठेवली होती. मानाच्या गाडीची परवानगी तात्यांनी आठवड्यापूर्वीच काढली होती, म्हणून हिला सोडलं.

फाट्यावरच्या हवालदाराने शिट्टी मारली. "चला, चला! भरभर काढा. साहेब येतायत."

प्रितेशने गाडी नेहमीच्या चालीने काढली. हवालदाराने बॉनेटवर काठी आपटली. "वरात आहे का? मंत्र्यांच्या रस्त्यावर रेंगाळायचं नाही. पळव!"

प्रितेशने पाय दाबला. गाडीने वेग घेतला, तक्त्याच्या कोपऱ्याबाहेर पहिलं पाऊल टाकलं आणि तिथे शून्य होतं. इंजिन बंद झालं. आवाज नाही, धूर नाही, कुरकुर नाही. मंजुरी नसलेल्या विषयावर कचेरी जशी शांत होते, तशी गाडी शांत झाली.

पुन्हा सुरू केली. हळू चालवली की हवालदार पळवा म्हणे, पळवली की गाडी बंद पडे. असं करत ती रस्त्याच्या ऐन मधोमध येऊन थांबली. हवालदाराची आणि तक्त्याची, दोन्ही आज्ञा अधिकृत होत्या.

"मी एका मिनिटात आकडे भरतो," अनयने लॅपटॉपला हात घातला.

"सीलबंद तक्ता आहे," तात्या म्हणाले. "समितीचा ठराव लागेल."

"समिती कुठाय?"

"मांडवात."

"तात्या, आता कोन बघतंय?" प्रितेश कळवळून म्हणाला.

"मी बघतोय," तात्या म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

महाराजांनी दार उघडलं. "अहो, मांडव हा काय समोर. मी चालत जातो की."

"महाराज, तसं करू नका," तात्यांनी वाकून विनंती केली. "आपण पायी आलात तर मान पायांकडे वर्ग होईल. पाय आपले. म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याला आणण्याचा मान आपल्याकडे. स्वतःला आणायला कोणी जायचं, याबाबत समितीच्या घटनेत तरतूद नाही."

महाराज दार लावून बसले. त्यांनी पुष्कळ विद्वान ऐकले होते, पण या युक्तिवादापुढे त्यांचंही चालेना.

बाळाराम खाली उतरले. तिकडे मांडवाशी काळी जीप हलकेच पुढे सरकताना त्यांना दिसली. इकडे हवालदार काठी फिरवत येत होता. ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि आयुष्यात कधी मागितलं नव्हतं ते मागितलं.

"साहेब, थोडी कोंडी मिळंल का?"

"काय?"

"कोंडी. आमची गाडी कोंडीत लई ग्वाड चालतं. मोकल्यावर चालत न्हाय."

हवालदाराने टोपी काढली. "काका, या फाट्यावर माझे केस गेले. कोंडी हटवा म्हणून रोज शिव्या खातो. कोंडी द्या म्हणणारे तुम्ही पहिले."

"चार कंटेनर सोडा फकस्त. न्हायतं दोन."

"कोंडी आम्ही देत नाही हो. ती होते." मग त्याचा आवाज बदलला, कारण मागून सायरन ऐकू आला. "ए, चला रे, ढकला ही बाजूला!"

चार शिपाई धावले. बाळाराम त्यांच्याआधी धावले आणि डिकीला पाठ लावून, त्या फळीखाली हात पसरून उभे राहिले. "गाडीला हात लावू नका!"

"का, करंट आहे काय?"

"आजापासूनचा मान हाय माजा! माज्या अंगावरून जा, पन ढकलू नका. आत माऊली बसलेत."

शिपायांचे हात थांबले. चौघांपैकी दोघे माळकरी होते. तेवढ्यात मंत्र्यांचा ताफा आला आणि बाळाराम यांच्यापासून वितीवर थांबला. पुढच्या गाडीतून वायरलेसवर निरोप गेला: ताफा राहनाळला पोहोचला. निरोप खरा होता. आणि वरून हुकूम असा होता की ताफा राहनाळला पोहोचला की अडवलेली वाहनं सोडावी. आडरस्त्यांवरच्या शिपायांनी हुकूम पाळला.

पुढचं वर्णन करायला मृदंगच हवा. एका बाजूने कंटेनर सुटले, दुसरीकडून टेम्पो, मधून रिक्षा, मोटरसायकली, सकाळपासून अडकलेल्या दोन शाळेच्या बस आणि एक उसाचा रस काढायची गाडी. पाहता पाहता नवा रस्ता दिसेनासा झाला. काळी जीप मांडवापुढे दोन ट्रकांत अडकली. हॉर्न एकमेकांत मिसळून त्यांचा एकच अखंड नाद झाला.

प्रितेशने चावी फिरवली. गाडी गुणगुणू लागली.

पहिला गियर. पुढे कंटेनर, बाजूला टेम्पो. पेटीला आपलं गाव सापडलं. गाडी अशी निघाली, ना धक्का ना आचका, जणू लोण्यातून सुरी. मागे लाल दिव्यांची सबंध रांग, कारण दुसरी वाटच नव्हती. टाळकरी सामोरे आले. बाळाराम फळीला धरून मागे चालत होते आणि रडत होते. गावाने जे पाहिलं ते असं, की बाळाराम यांच्या गाडीतून महाराज येत आहेत आणि त्यांच्या मागोमाग सरकार.

मांडवाशी मंत्री उतरले. माणसं आणि हार दिसल्यावर न उतरण्याची त्यांना सवय नव्हती. दोन शब्द बोलले. आज आपण पाहिलात तसा मोकळा, गुळगुळीत रस्ता भिवंडीला कायमचा देऊ, असं त्यांनी वचन दिलं. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले. बाळाराम यांचा चेहरा पडला. मग पार्वतीबाई हळूच म्हणाल्या, "घाबरू नका हो. मंत्री बोललाय," आणि सगळ्यांना धीर आला.

तात्यांनी अहवाल दिला: वाहन मानवी बळाविना दाखल झाले, मान कायम. चांगदेव जीपमधून उतरून, चालत मांडवात येऊन बसला. पार्वतीबाईंनी त्याला आपल्या हाताने बुक्का लावला आणि सरकून पुढे जागा दिली.

मग महाराज उभे राहिले. हातात चिपळ्या, अंगावर अजून प्रवासाची धूळ. काल्याच्या कीर्तनात दही, पोहे, लाह्या एकत्र करतात, तसं त्यांनी त्या दिवशी सगळं एकत्र केलं. गोकुळ, पेंद्या, कंटेनर, पेटी. श्रोते हसून हसून वाकले. तात्या सगळ्यांत जास्त हसत होते.

"त्या पेटीत शून्य कोणी लिहिलं?" महाराजांनी मध्येच विचारलं.

अनयने तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी प्रितेशकडे, प्रितेशने वडिलांकडे, बाळाराम यांनी बायकोकडे. पार्वतीबाईंनी विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहिलं. तिच्यापुढे कोणी उरलं नव्हतं.

"हसू नका," महाराज म्हणाले. "आपली गाडी तरी काय वेगळी आहे? कोंडीत सापडलो की किती गोड नाम चालतं आपलं! पोर आजारी, पीक बुडतंय, कोर्टाची तारीख, की विठ्ठल विठ्ठल. आणि एक दिवस तो दयाळू पुढचा रस्ता मोकळा करतो. तिथे पेट्रोल बंद!"

टाळ वाजले. माणसं रडली. काला झाला, सगळ्यांनी एकमेकांना भरवला.

नवा रस्ता पहिल्या पावसाळ्यातच गेला. गाडी उत्तम चालते आहे. वरची घरं भरून देतो म्हणून अनय दोनदा येऊन गेला. समितीने विषय पटलावर घेतला आणि तूर्त गरज नाही असा शेरा मारला.

हे वाचून राहनाळच्या माणसांना हसायला हरकत नाही, तीही हसतात. फक्त आपला रस्ता कधी अचानक मोकळा झाला आणि आपण ऐन मधोमध बंद पडलो, तर आधी हवालदाराला शिव्या देऊ नयेत. झाकण उघडून शून्यं पाहावीत. ती लिहा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतील. "टाक बाबा" म्हणालेला आवाज मात्र ओळखीचा निघेल.